उघड्यावरची माती

चौकात उभा असलेला ब्राँझचा पुतळा आधी मातीचा असतो. शिल्पकाराची बोटे धातूला लागतच नाहीत. लोखंडी सांगाड्यावर माती चढवायची, ती ओल्या फडक्यांखाली आठवडेच्या आठवडे मऊ राखायची, चेहऱ्याची ठेवण, वस्त्राच्या चुण्या, घोड्याच्या मानेतला ताण तिच्यात उतरवायचा, मग साचा घ्यायचा. आणि साचा निघाला की तीच माती खरवडून पुन्हा पिंपात टाकायची. ज्यांचे शिल्पालय डोंबिवलीत आहे त्या सदाशिव साठे यांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६१ पासून गेटवे ऑफ इंडियासमोर उभा आहे. तो पाहताना आपण धातूचे कौतुक करतो. पण त्यात जे जिवंत वाटते ते सगळे ओल्या मातीत ठरलेले असते. महाराष्ट्रातल्या आधुनिक शिल्पकलेने मातीला असे कायम मधल्या टप्प्यावर ठेवले. घडवायला माती, उभे करायला दगड, सिमेंट किंवा धातू, अशी वाटणी इतकी अंगवळणी पडली की मातीनेच शेवटपर्यंत उघड्यावर उभे राहावे, ही कल्पना आपल्याकडे आजही हौशी प्रयोगासारखी ऐकली जाते. पुढील पानांचा विषय तोच आहे: कच्च्या आणि भाजलेल्या मातीची, आकाशाखाली उभी राहणारी समकालीन शिल्पे. माझे म्हणणे असे की कोकणपट्टीच्या खाडीकाठाला, आणि त्यातही ठाण्याच्या कोलशेतसारख्या जागेला, हेच माध्यम सर्वांत जवळचे आहे. आणि ‘माती टिकत नाही’ हा तिच्यावरचा आक्षेप थोडा दुसऱ्या हवामानातून आणि बराचसा चुकीच्या मोजमापातून आलेला आहे.

कोलशेतच का, हे आधी सांगितले पाहिजे. कल्याण, डोंबिवलीवरून येणारी उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेला खाडी होऊन घोडबंदर आणि वसईकडे वळते. त्या वळणावर, भिवंडी तालुक्यातल्या गावांच्या समोर, कोलशेत आहे. हा काठ गाळाने घडवलेला. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज पावसाळ्यात वाहत येते आणि भरती-ओहोटीच्या ये-जा करणाऱ्या पाण्यात तिवरांच्या मुळाशी बसते. मासेमारी आणि शेती यांचे हे गाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक कारखान्यांच्या रस्त्यावर आले. सँडोझ, पुढे तिची वारसदार क्लॅरियंट, आणि बायर ही नावे कोलशेत रोडच्या ओळखीचाच भाग होती. कारखाने गेले, जमिनी विकल्या गेल्या, त्यांवर निवासी मनोरे उभे राहिले. खाडीतून रेती काढली गेली. आता ठाण्याच्या खाडीकिनारा विकासाच्या आराखड्यांत कोलशेतचा काठही आला आहे, आणि वसई-ठाणे-कल्याण जलमार्गाच्या धक्क्यांच्या यादीतही त्याचे नाव आहे. म्हणजे येत्या काळात इथे पायवाटा, बाके, हिरवळ होईल आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी ‘शिल्प’ बसवले जाईल. ते कशाचे असेल याचा अंदाज शहरातल्या इतर उद्यानांवरून आणि पुलांखालच्या सुशोभीकरणावरून बांधता येतो: रंगवलेल्या फायबरचे प्राणी, सिमेंटचे खोटे ओंडके, स्टीलच्या पत्र्याची फुले. ज्या काठाखाली इतकी माती आहे, त्यावर मातीखेरीज सगळे काही असावे, हे मला अस्वस्थ करते.

पहिला आक्षेप पावसाचा. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात माती कशी टिकेल? इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. कच्ची माती पाण्यात विरघळते, हे खरे. तिच्याकडे पुढे वळू. पण सहाशे अंशांच्या पलीकडे भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही. तिच्या कणांत बांधलेले पाणी निघून गेलेले असते आणि तो बदल उलटत नाही. उघड्यावरच्या भाजलेल्या मातीविषयीची जी भीती सिरॅमिक्सच्या पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतून आपल्या कलाशाळांत आली, तिचे मूळ पावसात नाहीच, ते थंडीत आहे. युरोप-अमेरिकेत भाजलेल्या मातीच्या छिद्रांत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि वस्तू आतून फोडते. म्हणून तिथे बाहेर ठेवायचे काम बाराशे अंशांच्या वर, छिद्रे जवळजवळ मिटेपर्यंत भाजावे लागते. ठाण्यात पाणी गोठत नाही. बंगालमधल्या बिष्णुपूरचे श्यामराय मंदिर १६४३ चे आणि जोडबंगला १६५५ चे; दोन्ही मंदिरांच्या भिंती भाजलेल्या मातीच्या कोरीव फलकांनी मढवलेल्या आहेत आणि जवळपास चारशे पावसाळे काढूनही त्यांवरच्या आकृती वाचता येतात. आपल्याकडचे तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिर याहूनही शतकानुशतके जुने आहे. मात्र तेर मराठवाड्याच्या कमी पावसात आहे, तेव्हा कोकणासाठी तो पुरावा मी अर्धाच मानतो. कोकणासाठी पूर्ण पुरावा कोकणाच्या डोक्यावर आहे. कुंभाराची नळीची कौले आणि १८६५ मध्ये बाझल मिशनने मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्यापासून पसरलेली मंगलोरी कौले म्हणजे उघड्यावर, उतारावर, थेट पावसात ठेवलेली भाजलेली मातीच. ती माकडांच्या उड्यांनी फुटतात, चढणाऱ्या माणसाच्या पायाखाली फुटतात. पावसाने फुटत नाहीत.

कौलाचे उदाहरण पूर्णपणे प्रामाणिकपणे वापरायचे तर त्यातली अटही सांगावी लागते. कौल टिकते ते त्यावर पाणी थांबत नाही म्हणून. शिल्पाला मांडी असते, खांदा असतो, खोबण असते, आणि तिथे पाणी साचते. शिवाय खाडीकाठी पावसाहून मोठा शत्रू मीठ आहे. हजार अंशांच्या आत भाजलेली सच्छिद्र माती आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी सहज पिते. त्या पाण्याबरोबर खारे वारे आणि जमिनीतली ओल यांतले क्षार आत जातात. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी उडते, क्षार पृष्ठभागाच्या जरा खाली स्फटिक होऊन वाढतात आणि वरचा पापुद्रा ढकलून पाडतात. जुन्या विटांच्या भिंतींना लोणा लागतो तो असाच. यावर चकचकीत झिलई हा उपाय अनेकांना सुचतो, आणि तो बहुधा उलटतो: आतली माती सच्छिद्र राहिली तर क्षार झिलईच्या मागे अडकतात आणि रंगासकट तिचे तुकडे पाडतात. खरे उपाय साधे आणि जुने आहेत. शिल्प जमिनीवरून उचलून ओल न चढणाऱ्या बैठकीवर ठेवावे. पोकळ अंगाला तळाशी पाणी निघायला भोके असावीत. सपाट जागेला उतार द्यावा. आणि शक्य तिथे मातीत भाजलेल्या मातीची भरड मिसळून काम अधिक तापमानाला न्यावे. यातली एकही गोष्ट प्रयोगशाळेची नाही. विटा, कौले आणि माठ करणाऱ्यांना त्यांतल्या बहुतेक ठाऊक असतात. शिल्पकाराला त्या आकार सुचण्याच्या वेळीच ठाऊक असायला हव्यात, कारण उतार ही शेवटी करायची डागडुजी नसून रूपाचाच भाग आहे.

आता कच्ची माती. तिच्याबाबत मी टिकण्याचा दावा करणार नाही. मोजमाप बदलण्याची मागणी करीन. ठाणे जिल्ह्यातली कुडाची भिंत कारवीवर माती आणि शेण लिंपून होते. ती पावसाळ्यात झिजते, पावसाळा सरला की पुन्हा लिंपली जाते, सारवली जाते, आणि वारली घरांत लग्नकार्याला तिच्यावरच चौक लिहिला जातो. भिंत टिकाऊ नाही असे त्या घरातले कुणी म्हणत नाही. मालीमधल्या जेन्ने गावाची मोठी मशीद आजच्या रूपात १९०७ ची आहे, सगळी मातीची. दरवर्षी गावकरी एकत्र येऊन तिला नवा गिलावा करतात, आणि हे काम उत्सव म्हणूनच होते. तमिळनाडूत गावाच्या वेशीवर अय्यनार देवाला वाहिलेले भाजलेल्या मातीचे घोडे माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीपर्यंत जातात. ते झाडांखाली उघड्यावर उभे असतात, हळूहळू ढासळतात, आणि नवसाचे नवे घोडे त्यांच्या शेजारी येतात. जुन्यांची डागडुजी कुणी करत नाही. भारतातली उघड्यावरच्या मृत्तिकाशिल्पाची ही सर्वांत भव्य जिवंत परंपरा आहे, आणि तिने कायमपणाचे ओझे कधी घेतलेच नाही. मराठी माणसालाही हे परके नाही. दिवाळीत ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या आवारात मुले दगड, विटा, गोणपाट आणि माती यांचे किल्ले करतात, बुरूज लिंपतात, अळीव पेरून डोंगर हिरवे करतात. हजारो हातांनी दरवर्षी नव्याने होणारे हे भूशिल्प आपण खेळात मोजतो, कलेच्या इतिहासात त्याला ओळही देत नाही. दुसरीकडे रॉबर्ट स्मिथसनने १९७० मध्ये अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये काळा बेसॉल्ट आणि चिखल ढकलून पंधराशे फुटांची ‘स्पायरल जेटी’ केली. काही वर्षांतच ती पाण्याखाली गेली आणि सुमारे तीन दशकांनी पातळी उतरल्यावर मिठाने पांढरी होऊन वर आली. तिच्या बुडण्यालाही तिच्या अर्थात जागा मिळाली. कोलशेतच्या काठाला तर भरती दिवसातून दोनदा येते.

यावर कुणी म्हणेल, सार्वजनिक पैशाने उभारलेली गोष्ट झिजावी हे नागरिकांनी का मान्य करावे? धातूचे एकदा करा आणि निश्चिंत राहा. धातूविषयीची ही निश्चिंती समुद्राकाठी किती खरी असते? मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला ३५ फुटी धातूचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. ती घटना महाराष्ट्राच्या मनाला लागली, आणि तिचा उल्लेख मी धातूला नावे ठेवण्यासाठी करत नाही. चांगले ओतकाम आणि चांगला सांगाडा शतके उभा राहतो. पण टिकाऊपणा पदार्थात आपोआप येत नाही, तो कारागिरीत आणि देखरेखीत असतो, हे त्या घटनेने दाखवले. धातूचा पुतळा देखरेखीची गरज लपवतो. माती ती पहिल्याच पावसाळ्यात उघड मागते. मला तिचा हा गुण वाटतो. अर्थात राष्ट्रपुरुषांचे पुतळे मातीचे करावेत असे मी सुचवत नाही. ज्या चेहऱ्याकडे समाज शंभर वर्षांनीही त्याच रूपात पाहू इच्छितो, त्याला धातू किंवा दगडच हवा. खाडीकाठाला मात्र प्रत्येक वेळी चेहराच हवा असतो असे नाही.

समकालीन कलेत या माध्यमाने किती मजल मारली आहे, हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. १९६३ मध्ये के. जी. सुब्रमण्यन यांनी लखनौच्या रवींद्रालयाच्या दर्शनी भिंतीवर भाजलेल्या मातीच्या फरशांतून रवींद्रनाथांच्या नाटकावर आधारलेले प्रचंड भित्तिशिल्प उभे केले. एकेक छोटा तुकडा वेगळा भाजून मोठे रूप बांधण्याचा मार्ग त्यात आहे, आणि लहान भट्ट्यांच्या देशात तो फार उपयोगी आहे. १९७१ मध्ये पुदुच्चेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू करणारे रे मीकर याच्या उलट टोकाला गेले: कच्च्या विटांचे अख्खे घर बांधायचे, आतून भट्टीसारखे पेटवायचे आणि घरच भाजून काढायचे. डेन्मार्कच्या नीना होल (१९४१ ते २०१६) जागेवरच मातीचा मनोरा उभारत, त्याच्याभोवती उष्णतारोधक आच्छादन गुंडाळत, लाकडाने भाजत आणि तो तप्त, लाल असतानाच रात्री आच्छादन काढत. जमलेल्या लोकांसमोर शिल्प आणि भट्टी एकच होई. जयपूरच्या जवाहर कला केंद्रात २०१८ मध्ये पहिली इंडियन सिरॅमिक्स ट्रायेनाले झाली, दुसरी २०२४ मध्ये दिल्लीत. त्यांत मातीने भांड्याची चौकट केव्हाच ओलांडली आहे हे स्पष्ट दिसले. आणि याच खाडीच्या पश्चिमेला भाईंदरमध्ये ब्रह्मदेव राम पंडित यांची कार्यशाळा आहे. बिहारच्या कुंभार कुटुंबातून आलेल्या या कलावंताला २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे कोलशेतला हवे ते ज्ञान खाडीच्या त्याच पाण्यावर, फार दूर नाही, असे आहे.

पंडित यांच्या नावाने एक अवघड प्रश्न पुढे येतो. कुंभाराने केले तर हस्तकला आणि कलाशाळेच्या पदवीधराने केले तर शिल्प, ही आपली सवय. ती केवळ कलाविचारातली नाही, ती जातीतून आलेली आहे. मातीत हात घालणाऱ्याला बलुतेदार म्हणून दाणे मिळाले, नाव मिळाले नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पुढे मृत्पात्रांचे काम सुरू झाले तेव्हाही सिंधमधून कुशल कुंभार आणले गेले. आज त्या भांड्यांची ओळख शाळेच्या आणि इंग्रज अधीक्षकाच्या नावाने होते. आक्षेप घेणारे म्हणतात, कुंभाराच्या कामात कौशल्य आहे, पण नवा विचार नाही. परंपरा तेच ते पुन्हा करते. अय्यनारच्या घोड्यासमोर हा आक्षेप उभा राहत नाही. पोकळ पायांवर सगळ्या धडाचा भार तोलायचा, ओली माती किती थरांनी किती दिवसांत वर न्यायची हे ठरवायचे, भाजताना कुठे भेग जाईल हे आधी ओळखायचे: हा विचारच आहे, फक्त तो लिहिलेला नाही. तेव्हा उघड्यावरच्या मृत्तिकाशिल्पाचा आग्रह धरताना कुंभाराला ‘साहाय्यक’ म्हणून मजुरीवर बोलावण्याची रीत सोडली नाही, तर हे माध्यम जवळ करण्यात मोठी लबाडी राहील.

राहिला तो सर्वांत गंभीर आक्षेप, आणि तो पर्यावरण आणि श्रम या दोन्हींचा आहे. माती फुकट नसते. भिवंडी, कल्याण, शहापूर तालुक्यांतल्या वीटभट्ट्यांनी शेतांचा वरचा थर खाल्ला आहे, हवेत धूर सोडला आहे. आणि तिथे दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन येणारी कातकरी कुटुंबे उचलीच्या फेऱ्यात किती अडकली, हे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८०च्या दशकापासून वेठबिगारीविरुद्ध केलेल्या लढ्यांमुळे महाराष्ट्राला कळले. अशा भूमीत मातीच्या कलेचे गोडवे गाताना हा इतिहास गाळता येत नाही. खाडीचा गाळ काढावा म्हटले तर तिवरे आडवी येतात, आणि यायलाच हवीत: मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर तिवरांच्या तोडीला बंदी घातली आणि भोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्याचेही संरक्षण सांगितले. शिवाय रासायनिक कारखान्यांच्या शेजारचा गाळ तपासल्याविना हाताळणे शहाणपणाचे नाही. तेव्हा खाडीला हात न लावता माती कुठून आणायची?

ती शहरातच पडलेली आहे. घोडबंदर पट्ट्यात प्रत्येक मनोऱ्याच्या तळघरासाठी, मेट्रोच्या प्रत्येक खांबासाठी जमीन खोदली जाते आणि निघालेला मुरूम डंपरने कुठेतरी ओतला जातो, अनेकदा पाणथळ जागेतच. मुरमात चिकटपणा नसतो, त्याचे भांडे होणार नाही. पण थोडा चुना किंवा सिमेंट मिसळून, साच्यात थरांनी धुमसून, त्याच्या भक्कम भिंती आणि उंचवटे होतात. तलावांच्या सफाईत निघणारा गाळ चिकट असतो. काळ्या मातीसारखा तो सुकताना फार आक्रसतो, म्हणून त्यात वाळू, भुसा किंवा विटांची भरड घालावी लागते, आणि तपासून घेतला तर तो भाजताही येतो. तिसरा साठा गणपतीचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींना मज्जाव करणारी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे दिल्यापासून शाडूचा आग्रह वाढला आहे, आणि कृत्रिम तलाव लवकर स्वीकारणाऱ्या शहरांत ठाणे आहे. त्या तलावांच्या तळाशी बसलेला शाडू गोळा करून पुन्हा मूर्तिकारांना देण्याचे प्रयत्न पुण्यात आणि अन्यत्र झाले आहेत. श्रद्धेचा मान राखून त्यातला काही भाग सार्वजनिक शिल्पाकडे वळू शकतो. इंधनाचे उत्तर इतके सोपे नाही. भाजणे म्हणजे जाळणे. पण एका मोठ्या शिल्पाला वर्षानुवर्षांतून एकदा लागणारी आग आणि हंगामभर धुमसणारी वीटभट्टी यांचे प्रमाण एक नाही. आणि फायबर, सिमेंट, स्टील यांनाही कुठेतरी भट्टी लागलेलीच असते. ती फक्त कोलशेतहून दिसत नाही.

या सगळ्याचा कस शेवटी निविदेच्या कागदावर लागणार आहे. आजची सुशोभीकरणाची रीत एकदा उभारणी, एकदा देयक, आणि दोषदायित्वाचा ठरावीक काळ अशी आहे. तिच्यात माती बसत नाही. म्हणून ठेकेदार फायबर सुचवतो आणि अभियंता ते मान्य करतो, दोघांनाही दोष न देता हे समजून घेता येते. मातीसाठी करार निराळा लिहावा लागेल. उभारणीचा खर्च कमी धरून दर पावसाळ्याआधी बैठक, उतार आणि पाण्याची भोके तपासण्याचे, पावसाळ्यानंतर क्षार धुऊन काढण्याचे आणि कच्चे भाग पुन्हा लिंपण्याचे काम किमान दहा वर्षांसाठी, नावानिशी, ठरलेल्या मोबदल्यावर द्यावे लागेल. त्या नावांत शिल्पकाराबरोबर कुंभार असावा, आणि कोलशेतच्याच गावठाणातली दोन-चार माणसे असावीत, ज्यांना वारा कुठून येतो आणि उधाणाचे पाणी काठावर कुठवर चढते हे ठाऊक आहे. जागा निवडतानाही त्यांना आधी विचारावे. विसर्जनाच्या घाटाची, होड्या ओढण्याची, जाळी वाळवण्याची जागा शिल्पासाठी अडवली गेली तर त्या शिल्पाला गावाचा हात पुन्हा कधी लागणार नाही.